बाटलीवर नको, बाटलीतल्या दारूवर कर हवा

स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन लार्ज पेग. यात अतिशयोक्ती काही नाही, साधा गुणाकार आहे. बाटली ६५० मिलीलिटरची आणि लेबलवर मद्यार्काची कमाल मर्यादा आठ टक्के. ती मर्यादा धरली तर ५२ मिलीलिटर निव्वळ अल्कोहोल पोटात जातं. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ते ४२.८ टक्के असतं, म्हणजे साठ-साठचे दोन पेग झाले की ५१ मिलीलिटरच्या किंचित वर. पाच टक्क्यांच्या माइल्ड बिअरची तेवढीच बाटली साडेबत्तीसवर थांबते. तरीही मुरूडपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर कुठेही विचारा, 'बिअर म्हणजे काय दारू नव्हे' हेच ऐकायला मिळतं. पोराच्या हातात पेग दिसला की बाप भडकतो, तोच बाप बिअरची बाटली दिसली तर 'बिअरच आहे ना' म्हणून सोडून देतो. त्या बाटलीवर स्ट्राँग लिहिलंय की माइल्ड, हे तो बघतही नाही.

मी बिअर पितो आणि माइल्डच पितो. कोकणच्या उकाड्याला, इथल्या ताटाला आणि इथल्या रस्त्यांना हलकी बिअरच मानवते असं माझं ठाम मत आहे. ती इथे धड मिळत नाही याचं खापर लोकांच्या आवडीवर फोडलं जातं. मला त्यामागे कर लावायची चुकीची रीत दिसते, आणि ती बदलता येण्यासारखी आहे.

देशात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी चार-पंचमांशाच्या आसपास बिअर स्ट्राँग असते. जगात फार थोड्या देशांत असं आहे. जर्मनीतला माणूस रोज जी पितो ती पाचच्या आगेमागे. इंग्लंडच्या पबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली बिटर साडेतीन-चार टक्क्यांची. ही सगळी थंड हवेची गावं. आपण मे महिन्यात घामाने निथळत असताना आठ टक्क्यांची बिअर पितो. अल्कोहोलने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं, आणि तहान लागली म्हणून माणूस आणखी एक बाटली उघडतो. किनाऱ्यावर 'मद्यपान करून समुद्रात उतरू नये' असे फलक लागलेले असतात. ते वाचूनही दुपारच्या दोन स्ट्राँगनंतर पाण्यात शिरणारी पोरं दर सुट्टीला दिसतात. दोन स्ट्राँग म्हणजे चार लार्ज पेग, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

रस्त्याचं गणित तर आणखी सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमात मर्यादा आहे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी भराभर एक मोठी स्ट्राँग संपवली तर हा आकडा नव्वदच्या आसपास जाऊ शकतो. यकृत तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅमच्या वेगाने तो खाली आणतं, म्हणजे मर्यादेत यायला चार तास गेले. माइल्डने तोच माणूस साठच्या आतबाहेर जातो आणि दोनेक तासांत खाली येतो. कृपा करून कुणी यातून 'माइल्ड पिऊन गाडी चालवली तर चालतं' असा अर्थ काढू नये. ते बेकायदा आहे आणि जीवघेणंही आहे. पण जेवताना एक बिअर घेणारा, मग तास-दोन तास झोपाळ्यावर पडणारा, आणि संध्याकाळी पोराबाळांना घेऊन कशेडीच्या दिशेने निघणारा चाकरमानी आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या पोटात बत्तीस मिलीलिटर आहेत की बावन्न, याला महामार्गावर फार मोठा अर्थ आहे.

मग तो स्ट्राँगच का घेतो?

मागे मी मालवणजवळच्या एका बिअर शॉपीत माइल्ड मागितली. काउंटरवरचा पोरगा बावीस-तेवीसचा असेल. त्याने फ्रीजकडे न बघताच सांगितलं, "माइल्ड नाय ओ काका. कोण घेता ती? चढता खंय? स्ट्राँग देऊ?" मी म्हटलं, बघ ना एखादी. त्याने खालच्या कप्प्यात, पाण्याच्या बाटल्यांच्या मागे हात घातला आणि एक बाटली काढून दिली. लेबलचा एक कोपरा सुटला होता, खांद्यावर धुळीचा थर होता. किंमत पाहिली तर शेजारच्या स्ट्राँगपेक्षा थोडीशीच कमी. मागे उभा असलेला होडीवरचा एक गडी आपणहून म्हणाला, "तेच पैशे टाकूचे तर स्ट्राँग घ्या की."

त्या गड्याचं काहीच चुकलं नव्हतं. दिवसभर जाळी ओढून आलेल्या माणसाने खिशातल्या पैशांचा हिशोब करायचाच. बाटलीची किंमत जवळपास सारखी आणि एकीत दीडपटीहून जास्त अल्कोहोल, तर तो दुसरी कशाला उचलेल? बिअर विकत घेताना चवीचा विचार करायला त्याला वावच ठेवलेला नाही. 'किक' किती आणि पैसे किती, एवढाच प्रश्न उरतो. आणि हा प्रश्न त्याच्यापुढे सरकारी दरपत्रकाने उभा केलाय.

महाराष्ट्रात बिअरवर उत्पादन शुल्क आकारताना माइल्ड आणि स्ट्राँग अशी विभागणी आहे, हे खरं. पण शुल्काचा मुख्य आधार उत्पादन खर्चाचा, बाटलीत प्रत्यक्ष किती अल्कोहोल आहे त्याचा नव्हे. बाटली, बूच, लेबल, वाहतूक, दुकानदाराची कमाई हे सगळं दोन्हीला सारखंच लागतं. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत दरातला तो फरक विरून जातो. गंमत अशी की हाच उत्पादन शुल्क विभाग देशी दारूवर प्रूफ लिटरमागे शुल्क घेतो, म्हणजे आतल्या मद्यार्काच्या मापाने. २०२५ च्या जूनमध्ये तो दर १८० रुपयांवरून २०५ रुपये केला गेला. त्याच वेळी भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं (व्हिस्की, रम वगैरे) शुल्क उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट झालं आणि बिअरला मात्र वाढीतून वगळलं. बिअर ही कडक दारूपेक्षा वेगळी आहे एवढं सरकारने मान्य केलं, हे चांगलंच झालं. पण बिअरच्या आत पाच आणि आठ यांच्यात जे अंतर आहे तिकडे कुणी पाहिलं नाही. देशी दारूचं माप ज्याला करता येतं त्या विभागाला बिअरचं करता येणार नाही, असं मला कुणी सांगू नये.

धुळीच्या थराचाही मुद्दा आहे. बिअर नाशिवंत आहे. बाटलीबंद बिअर साधारण सहा महिन्यांत संपावी असं धरतात, आणि उन्हाने-उष्णतेने ती त्याआधीच उतरते. शिळ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीवर ऊन पडलं तर बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमधल्या कडू द्रव्यांवर प्रकाशाची क्रिया होऊन उग्र दर्प सुटतो. स्ट्राँग बिअर दुकानात टिकतच नाही, आज आली की दोन दिवसांत गेली. माइल्ड महिनोन्‌महिने पडून राहते. विजेचा खेळखंडोबा असतो, फ्रीज बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. एखाद्याने हौसेने माइल्ड घेतलीच तर त्याला शिळी मिळते. मग तो म्हणतो माइल्डला चवच नसते, आणि पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. मागणी नाही म्हणून ताजा माल नाही, आणि ताजा माल नाही म्हणून मागणी नाही. दुकानदाराला दोष देऊन हे चक्र तुटणार नाही.

कारण ताजी माइल्ड बिअर किती सुंदर लागते हे ज्याने चाखलंय तो सहसा परत मागे जात नाही. तव्यावरून आत्ता उतरलेला बांगडा, वरचा रवा अजून चुरचुरतोय, आत तिरफळाचा किंचित झणझणीतपणा. त्यावर एक घोट थंड, हलक्या कडवट बिअरचा. तोंड धुऊन निघतं आणि पुढचा घास पहिल्या घासासारखा लागतो. तिसऱ्यांचं सुकं असो, सुंगटांचं हुमण असो, आपल्या जेवणात खोबरं आहे, कोकम आहे, मिरची आहे, आणि त्या सगळ्याला जागा हवी असते. स्ट्राँग ती जागा देत नाही. एकतर ती गोडसर असते. तिच्यात अल्कोहोल वाढवण्यासाठी माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, जोडीला साखर, तांदूळ किंवा मका वापरायची पद्धत आहे. साखर जवळजवळ सगळी आंबून जाते, पण धान्याची चव त्यातून येत नाही. दुसरं म्हणजे ते जादा अल्कोहोल घशाला गरम लागतं, आणि ही गरमी झाकायला बाटली बर्फासारखी गार करून प्यावी लागते. इतक्या गारव्यात जीभच बधिर होते. मिरचीचा झोंबरेपणा अल्कोहोलने वाढतो, हेही मालवणी मसाला खाणाऱ्याला सांगायला नको. दीड बाटलीनंतर बांगडा खाल्ला काय आणि सुकट खाल्ली काय, फरक कळेनासा होतो. एवढी मेहनत घेऊन कुणी रांधलेलं असतं, त्याचा हा अपमान आहे असं मला वाटतं.

बनवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हलकी बिअर जास्त अवघड. तिच्यात चूक लपत नाही. यीस्ट आजारी असलं, पाणी बरोबर नसलं, स्वच्छतेत कसर राहिली की पहिल्या घोटात कळतं. साडेतीन-चार टक्क्यांत चव भरायची तर माल्ट चांगलं हवं आणि हात तयार हवा. जर्मनीत लाइपझिग भागात गोझा नावाची एक जुनी बिअर आहे. गव्हाची, आंबूस, साडेचार टक्क्यांच्या आसपासची, आणि तिच्यात चक्क मीठ आणि धणे घालतात. मीठ, आंबट आणि धणे! सोलकढीवर वाढलेल्या माणसाला यात परकं काय वाटेल? कोकमाची हलकी, आंबूस बिअर ही आपल्या किनाऱ्याने जगाला द्यावी अशी वस्तू आहे. पण तीन-चार टक्क्यांच्या बिअरला आठ टक्क्यांच्या बाटलीच्या जवळपास जाणारी किंमत मोजावी लागणार असेल, तर ती बनवायच्या भानगडीत कोण पडेल?

आणि हलकं पेय कोकणाला नवीन नाहीच. माडी हे आपलं मूळचं पेय, आणि ते बिअरच्याच पट्टीतलं आहे, साधारण चार ते सहा टक्के. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा मिटलेला कोंब, उमलायच्या आत दोरीने आवळून बांधायची, रोज हलक्या हाताने ठोकून मऊ करायची, टोकाला पातळ काप घ्यायचा आणि खाली मडकं अडकवायचं. सकाळी उतरवलेल्या मडक्यात पांढरा फेस, त्यात दोन-चार मधमाश्या बुडालेल्या, आणि वास ताज्या नारळपाण्याला कुणी यीस्ट लावावं तसा. सकाळची माडी गोड, दुपारनंतर चढत जाणारी, दुसऱ्या दिवशी आंबट, आणि मग शिरकाच. तिला साठवून ठेवता येत नाही, म्हणून ती गावात उतरायची आणि गावातच संपायची. भंडारी समाजाचा हा पिढीजात धंदा. पन्नास-साठ फुटांवर दिवसातून दोनदा चढायचं, पावसाळ्यात बुंधा शेवाळलेला असतानाही.

माडी मागे का पडली? एक कारण माणसांचं, पोरं मुंबईला गेली. दुसरं कराचं, आणि ते फार जुनं आहे. इंग्रज सरकारने १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणला, दारू गाळायचं काम मोजक्या भट्ट्यांकडे एकवटलं आणि माडी काढायच्या झाडांवरचा कर चढवत नेला. भट्टीवर पहारा बसवता येतो, मोजमाप ठेवता येतं. हजारो झाडांवर टांगलेल्या मडक्यांचं काय करणार? ज्या पेयाची मोजणी सोपी ते सरकारला सोयीचं, मग ते कितीही कडक असो. हलकं पेय महाग करून कडक पेयाकडे लोकांना ढकलायची ही वाट तेव्हा पडली, आणि आजचं बिअरचं दरपत्रक त्याच वाटेने चाललंय. पुढे 'किक'चा हव्यास खुद्द ताडी-माडीलाही सोडेना. शहरांत क्लोरल हायड्रेट घातलेली भेसळीची ताडी पकडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. कसदार, हलकं, एका दिवसात आंबणारं पेय लोकांना पुरेनासं झालं म्हणून त्यात गुंगीचं औषध मिसळायची वेळ आली.

कररचनेने बिअर बदलते का? बदलते, आणि डोळ्यांदेखत बदलते. ब्रिटनने ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या मद्यांवरचा कर अल्कोहोलच्या प्रमाणाला बांधला आणि साडेतीन टक्क्यांखालच्या पेयांना खालचा दर दिला. लगोलग काही ओळखीच्या बिअर ३.४ टक्क्यांवर आल्या. ऑस्ट्रेलियातही बिअरवरचा कर आतल्या अल्कोहोलवर मोजतात, पहिल्या १.१५ टक्क्यांना सूट असते आणि हलक्या बिअरला दर कमी. तिथल्या क्वीन्सलंडची हवा आपल्यासारखीच, समुद्र आणि उकाडा. तिथे साडेतीन टक्क्यांची बिअर हे कष्टकऱ्याचं रोजचं पेय आहे, आणि ते पिणाऱ्याला कुणी कच्चा समजत नाही. रस्त्यावर कडक श्वासचाचण्या आणि कराचा फरक, दोन्ही एकत्र आले तेव्हा हे घडलं.

आता विरोधातलं बोलणं. सगळ्यांत जोरदार आक्षेप आपल्या गावच्या बायकांचा, आणि तो मी सगळ्यांत गंभीरपणे घेतो. उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान करून ज्यांनी दुकानं बंद पाडली, त्यांनी हातात आलेला संसार फुटताना पाहिलाय. त्या म्हणतील, हलकी-जड कसली करता, बंदच करा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्यासाठी मद्याची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही. ते मला मान्य आहे. ज्या गावाला दुकान नको त्या गावात ते नसावं, यावर माझं दुमत नाही. पण जिथे दुकान आहे आणि राहणार आहे, तिथे त्याच पैशांत घरी येणारा माणूस चार पेगांइतका प्यालेला असावा की अडीच पेगांइतका, हा प्रश्न त्या घरातल्या बाईला किरकोळ वाटेल असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: हलकी दिली तर माणूस दोनाच्या तीन पिईल. काही पितील. ज्याला झिंगायचंच आहे तो कशानेही झिंगेल, त्याच्यासाठी व्यसनमुक्तीची वेगळी सोय लागते आणि तीही कोकणात अपुरी आहे. पण दोन स्ट्राँगइतकं अल्कोहोल माइल्डमधून घ्यायचं तर दोन लिटरच्या वर द्रव रिचवावा लागतो. पोटालाही मर्यादा आहे. मित्रांबरोबर बसणारा सामान्य माणूस बाटल्या मोजतो, टक्के मोजत नाही. 'दोन झाल्या, पुरे' म्हणून तो उठतो. त्या दोन बाटल्यांत काय आहे यावर त्याची रात्र ठरते.

महसुलाची काळजी करणाऱ्यांनी तर निश्चिंत राहावं. राज्याला या खात्यातून वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त मिळतात, आणि माइल्डवर जे सोडलं ते स्ट्राँगवर घेता येतं.

मात्र एका भीतीपुढे मीही थबकतो. स्ट्राँग फार महाग केली तर गरीब माणूस गावठीकडे वळेल. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली, ती सगळी हातावर पोट असलेली. आमच्या सिंधुदुर्गात तर सरहद्द दोन पावलांवर. 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही बातमी बांदा-इन्सुलीकडून आठवड्याला येते, आणि जी जप्त होत नाही ती घराघरांत पोचते. म्हणून माझा भर स्ट्राँग महाग करण्यापेक्षा माइल्ड स्वस्त करण्यावर आहे. आधी चार टक्क्यांखालच्या बिअरवरचं शुल्क निम्म्यावर आणावं, मग हळूहळू वरचा दर मद्यार्काच्या मापाला बांधत न्यावा. होडीवरच्या गड्याला काउंटरवर वीस-पंचवीस रुपयांचा नव्हे, साठ-सत्तर रुपयांचा फरक दिसला पाहिजे. तेव्हा तो स्वतःच विचार करील.

लेबलही सुधारायला हवं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत पाच टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि पाचच्या वर आठपर्यंत स्ट्राँग अशी वर्गवारी आहे, आणि बऱ्याच बाटल्यांवर 'आठ टक्क्यांपेक्षा जास्त नाही' एवढंच छापलेलं असतं. सहा की पावणेआठ, हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नाही. नेमका टक्का ठळक मराठीत छापावा आणि त्याखाली 'या बाटलीत इतके पेग' असंही लिहावं. एवढं जरी झालं तरी 'बिअरच आहे ना' म्हणणारा बाप बाटली हातात घेऊन एकदा वाचेल.

आणि माडीचा परवाना झाडांच्या मालकाला आणि काढणाऱ्याला सुटसुटीत मिळू द्यावा. तपासणी ताज्या मालाची, विक्री त्याच दिवशी, त्याच गावात, चढणाऱ्याचा विमा सरकारने उतरवलेला. तारकर्लीला, गुहागरला येणारा पर्यटक पाच टक्क्यांची ताजी माडी मागेल आणि तिचे पैसे इथल्याच वाडीत राहतील. आज बंदर पर्यटनाच्या प्रत्येक सभेत न्याहरी-निवासाचं, स्कूबाचं बोलतात. पर्यटकाला प्यायला काय द्यायचं, हा विषय निघाला की सगळे एकमेकांकडे बघतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात. जिल्हा नियोजनाच्या पुढच्या बैठकीत तो विषय पत्रिकेवर यावा, आणि कराच्या प्रश्नासकट यावा.